‘फेक’ म्हटलं की

पासिर रिस हे सिंगापूरच्या मेट्रोच्या, म्हणजे एमआरटीच्या, हिरव्या लाइनचं शेवटचं स्टेशन. तिथून सकाळी मी एमआरटीत बसायची ती जुरोंग ईस्टला उतरायची, म्हणजे बेटाच्या पूर्वेच्या टोकापासून जवळजवळ पश्चिमेच्या टोकापर्यंत. संध्याकाळी तेच उलट. पहिल्या वर्षी मला तो प्रवास वाटला. पुढे लक्षात आलं की मी देशाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालते आहे, जेवणानंतर गच्चीवर शतपावली घालावी तशी.

हे तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. मी व्यवस्थित बाई आहे. आमच्या फ्रिजच्या दारावर आठवड्याची भाजी, लेकीच्या परीक्षा, नवऱ्याची औषधं आणि सरावाचं वेळापत्रक अशा माझ्या याद्या लावलेल्या असतात. यादीतलं काम झालं की त्यावर रेघ मारते. रेघ मारताना मला जे समाधान होतं ते नवऱ्याला अजून कळलेलं नाही. तो म्हणतो, “तू आधी झालेली कामं लिहितेस आणि मग रेघा मारतेस.” कधीकधी हे खरंही असतं.

जुरोंग ईस्टजवळच्या एका मुलींच्या शाळेत मी सॉफ्टबॉल शिकवत होते. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण, असं मी नातेवाइकांना इतकी वर्षं सांगत आले आहे, तरी लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच, “म्हणजे व्हॉलीबॉल ना?” मी हो म्हणते आणि जिलबी वाढून घेते.

मी जळगावची, आणि मी पिचर होते. सॉफ्टबॉलची पिचर हात पूर्ण गोल फिरवून कमरेजवळून चेंडू सोडते. आमच्या शाळेतल्या सरांनी मला निवडलं तेव्हा माझ्या हातात चेंडू नव्हता, गोफण होती. मामाच्या ज्वारीवरची पाखरं हाकायला मी उभी होते आणि सर बांधावरून सायकल हातात धरून चालले होते. ते थांबले, बघत राहिले आणि म्हणाले, “दगड जातोय तिकडे बघू नकोस पोरी, मनगट कुठे सुटतंय ते बघ.” सोमवारपासून मी मैदानावर होते.

पुढची वीसेक वर्षं मी एका जागी राहिलेच नाही. जिल्हा झाला, विद्यापीठ झालं, राज्य झालं. एका सरकारी खात्याने खेळाडू म्हणून नोकरी दिली आणि खात्याच्या संघातून मी देशभर हिंडले. चांगल्या पिचरचा तेव्हा दुष्काळ होता. कुठल्या तरी संघाचा फोन यायचा, “ताई, पिचर पाहिजे,” आणि मी निघायची. इंफाळला खेळले, कडप्प्याला खेळले, जालंधरच्या एका शाळेत बाकं जोडून त्यावर झोपले आणि सकाळी त्याच बाकांवर मुलं परीक्षेला बसली. पर्थच्या एका क्लबने सलग दोन उन्हाळे बोलावलं. तिथे इंग्रजी शिकले, तेही फक्त मैदानावरचं. आजही मला इंग्रजीत कुणावर ओरडता येतं, पण बँकेत बोलता येत नाही. या सगळ्या वर्षांत माझी बॅग कधी पूर्ण रिकामी झाली नाही. साबणाची डबी कायम आतच असायची.

सिंगापूरला आलो तेव्हा मी पहिल्यांदा बॅग पूर्ण रिकामी केली आणि माळ्यावर टाकली.

आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो पुण्याचा, संगणकवाला. दोन वर्षांत त्याच्या कंपनीने ते काम उचलून परत पुण्याला नेलं. मी तोवर एका छोट्या कोचिंग कंपनीतर्फे शाळांमध्ये शिकवायला लागले होते. त्या कंपनीच्या मालकाने माझ्या नावावर नोकरीचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, काढून दिला, आणि नवरा आणि लेक माझ्यावर अवलंबून म्हणून राहू लागले. नवरा सुटी कामं शोधायचा, स्वयंपाक करायचा. सासूबाई फोनवर लोकांना सांगायच्या, “सून कमावते, मुलगा पोळ्या करतो, पण पोळ्या चांगल्या करतो हो.” पासचा नियम सोपा होता. मी नोकरी सोडली की तिघांचेही पास रद्द, आणि थोड्याच दिवसांत देश सोडायचा. म्हणजे खांदा दुखतो म्हणून राजीनामा द्यायचा तर त्यासोबत लेकीची शाळाही सोडून द्यायची. खांदा दुखत होताच. मुलींना बॅटिंगचा सराव द्यायला मीच पिचिंग करायची, रोज.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शेजारच्या देशातल्या जंगलांना आगी लागल्या आणि सगळ्या शहरावर धूर बसला. खिडक्या बंद, सराव बंद, लेकीची शाळा बंद. पंखा तोच धूर घरात गोल गोल फिरवत होता. अशा एका दुपारी सरांचा फोन आला.

“काय गं पोरी, दिसतंय का काही तिकडे? टीव्हीवर धूर दाखवतायत.”

“समोरची बिल्डिंग दिसत नाही सर.”

“मग ये की इकडे. आपल्याकडे इथून पार नदीपर्यंत केळीच्या बागा दिसतात, लख्ख.” मग ते मुद्द्यावर आले. “मॅनेजमेंट म्हणतंय, शिकवणारं कायमचं माणूस नसेल तर मैदान टर्फवाल्याला देऊ. जाळी लावून तासावर क्रिकेट. माझे गुडघे गेले. सकाळी पंचवीस पोरी येतात आणि मी खुर्चीत बसून ओरडतो. तू येणार असशील तर एप्रिलच्या शिबिरापर्यंत मी त्यांना अडवून धरतो. नसशील तर स्पष्ट सांग.”

मी म्हटलं, “सर, एप्रिलपर्यंत अडवा.”

फोन ठेवला तेव्हा नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला जायचं होतं, हे तोंडाने सांगायची गरज नव्हती. माळ्यावरची बॅग मी गेल्या महिन्यात दोनदा खाली काढून पुसली होती. लेकीला मात्र जायचं नव्हतं. ती चौथ्या वर्षी इथे आली. तिची मैत्री, तिची भाषा, तिचा राग, सगळं इथलं. जळगाव म्हणजे तिच्या लेखी आजीकडचा उन्हाळा.

एरवी अशा वेळी मी कागद घेऊन मधोमध रेघ मारते, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. या वेळी नाही घेतला. यादी केली की कुठलीतरी एक बाजू लांब होते आणि मग ती मान्य करावी लागते.

तोडगा नवऱ्याने काढला. “हे बघ, तुझा करार मार्चमध्ये संपतो. मालकाने पुढे चालवला तर हिची ओ लेव्हल, म्हणजे दहावीच ती, होईपर्यंत इथेच राहायचं. मग परत हा विषय काढायचा नाही. आणि नाही चालवला तर गपचूप बॅगा भरायच्या. तुम्ही दोघी जळगावला, मी पुण्याला, शनिवार-रविवार मी येईन.”

“गपचूप नाही हं,” लेक म्हणाली. “आय विल क्राय व्हेरी लाउडली.”

“रड ना. पण मराठीत रड, आजीला समजायला हवं,” नवरा म्हणाला. ती हसली आणि लगेच हसल्याबद्दल चिडली.

मी हो म्हटलं. तिनेही म्हटलं. आमच्या घरात शब्द दिला की दिला.

जानेवारीत मालकाला भेटले. तो इथलाच चिनी माणूस, कायम घाईत, पण मनाने वाईट नाही. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा आखूड आणि माझ्यापेक्षा जास्त कामाचं. म्हणाला, “कोच, स्कूल वॉन्ट टॉप फोर. टॉप फोर, कॅन. नो टॉप फोर, कॅनॉट. स्कूल से वन, नॉट मी से, हाँ.”

पहिल्या चारांत आलो तर इथेच, नाही तर घरी. मागच्या वर्षी आमची शाळा सातवी आली होती.

आता कुणी म्हणेल, मग सोपं होतं की, हरायचं. हे मलाही सुचलं होतं. पण ते करता येत नाही. बॅटरने चेंडू हुकवला तर चूक म्हणता येतं, पण मैदानाच्या मध्यावर उभं राहून सगळ्यांच्या देखत हात ढिला सोडणं माझ्या हातून कधी झालं नाही आणि मैदानाबाहेर बसूनही झालं नसतं. शिवाय त्या मुली. शाळा सुटली की ट्यूशन, ट्यूशन सुटली की दुसरी ट्यूशन, आणि मध्ये हे दोन तास. त्या दोन तासांत विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला की नियमाप्रमाणे मैदान सोडून कँटीनमध्ये बसायचं. आकाशात ढग नसले तरी बसायचं. मग मी कँटीनच्या टेबलांमध्येच त्यांना मोज्यांच्या गोळ्यांनी सराव द्यायची. कँटीनच्या मावशी ओरडायच्या, “एय, नूडल्समध्ये पडेल!”

आमची कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी मुलगी. चष्म्याला पट्टा बांधायची आणि अखंड बोलायची. समोरच्या संघाची बॅटर उभी राहिली की तिला विचारायची, “तुझ्या शाळेच्या कँटीनमध्ये चिकन राइस चांगला मिळतो का गं?” बॅटर उत्तर द्यायच्या नादात चेंडू सोडून द्यायची. पण बोलण्याइतकेच तिचे कानही तयार होते. कोचने काही म्हटलं की ती विचार न करता करायची. कॅचरचा हा गुण मोठा असतो.

माझ्या आधीच्या कोचने या मुलींना एक नाटक शिकवलं होतं. धावणाऱ्या मुलीला फसवायला चेंडू फेकल्यासारखा हात जोरात फिरवायचा, पण चेंडू सोडायचा नाही. आल्या आल्या मी ते बंद केलं. मला ते पटत नसे. सरांची शिकवण सरळ होती, चेंडू हातात आला की फेका. हातात ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय?

आम्ही जिंकत गेलो. प्रत्येक सामना जिंकला की लेक मला मिठी मारायची आणि मी तिच्या डोक्यावरून फ्रिजवरचं कॅलेंडर बघायची.

पहिल्या चारांत जाण्याचा निर्णय ज्या सामन्यावर होता तो एका शनिवारी होता. नवरा आणि लेक पायऱ्यांवर बसायला आले. नवऱ्याने डब्यात थालीपीठं आणली होती, आणि मालक त्यांच्या शेजारी बसून ती खात होता.

शेवटचा डाव. आम्ही एका रनने पुढे. त्यांच्या दोन मुली बाद झालेल्या, तिसरी झाली की आम्ही जिंकलो. पण त्यांची एक मुलगी पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर होती आणि एक तिसऱ्या बेसवर. तिसऱ्या बेसवरची मुलगी होमला, म्हणजे आमच्या कॅचरपाशी पोचली की बरोबरी. तिच्यामागून दुसरीही पोचली की आम्ही हरलो.

पिचरने चेंडू टाकला, कॅचरच्या हातात आला, आणि त्याच क्षणी पहिल्या बेसवरची मुलगी दुसऱ्या बेसकडे पळत सुटली. ती अंगाने जड होती. मला दिसलं की चेंडू आत्ता दुसऱ्या बेसवर गेला तर ती नक्की बाद. मी उभी राहिले आणि ओरडले.

पर्थपासून मैदानावर मी इंग्रजीतच ओरडत आले आहे. ‘थ्रो’ म्हणायला हवं होतं. त्या दिवशी तोंडातून काय निघालं ते मला कॅचरने हात फिरवल्यावरच कळलं.

मी ओरडले होते, “फेक! फेक!”

कॅचरने ऐकलं आणि विचार न करता केलं. तिने हात पूर्ण ताकदीने फिरवला आणि चेंडू सोडला नाही. तिच्यासाठी तो इंग्रजी शब्द होता, आधीच्या कोचच्या नाटकाचं नाव. फेक, म्हणजे खोटं कर, फेकल्यासारखं दाखव. तिसऱ्या बेसवरच्या मुलीला वाटलं चेंडू गेला. ती होमकडे धावत सुटली. अर्ध्या वाटेत तिने वर पाहिलं तर आमची कॅचर चेंडू हातात घेऊन चष्म्यातून तिच्याकडे बघत उभी होती. बिचारी थांबली, वळली, पुन्हा वळली. कॅचरने चार पावलं पुढे जाऊन चेंडू तिच्या खांद्याला लावला, अगदी हळू, एखाद्याला हाक मारावी तसा.

तिसरी बाद, सामना संपला. मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या. मी मध्ये उभी होते आणि मला श्वास घ्यायला जागा नव्हती.

मालक पायऱ्या उतरून धावत आला. त्याच्या हनुवटीला थालीपिठाचा तुकडा चिकटला होता. “वाह, कोच! यू व्हेरी स्नीकी, हं? होल इयर टेल दे ऑल नो फेक, नो फेक, देन लास्ट मिनिट, फेक!”

“मी थ्रो म्हटलं,” मी त्याला इंग्रजीत सांगितलं. “माझ्या भाषेत फेक म्हणजे थ्रो.”

तो इतका हसला की त्याला खोकला आला. “सो हंबल, लाह.”

कॅचरला सांगितलं. तिनेही मान हलवली. “कोच, यू डोन्ट हॅव टू बी लाइक दॅट. इट वॉज जीनियस.” समोरच्या संघाच्या कोचने येऊन हात मिळवला आणि विचारलं, ही चाल किती दिवस लपवून ठेवली होतीत? त्यालाही खरं सांगितलं. तोही हसला. शेवटी मी सांगणं सोडलं.

एका पालकाने फोनवर ते सगळं टिपलं होतं. संध्याकाळी परतताना एमआरटीत मी ते बघितलं. मी ओरडते तेव्हा आमची दुसऱ्या बेसवर चेंडू झेलणारी मुलगी बेसवर पोचलेलीच नाही. तिचा पाय घसरलेला दिसतो. कॅचरने माझं मराठी ऐकलं असतं तर चेंडू रिकाम्या बेसवरून लांब गवतात गेला असता आणि त्यांच्या दोघीही होमला पोचल्या असत्या. मी ते पुन्हा एकदा लावून बघितलं. मग फोन नवऱ्याकडे दिला.

लेक समोरच्या सीटवर बसली होती. गाडीत खायला मनाई म्हणून उरलेल्या थालीपिठांचा डबा मांडीवर बंदच ठेवून. पायऱ्यांवरच्या एवढ्या माणसांत तिला आणि तिच्या बाबालाच मी काय ओरडले ते कळलं होतं.

“आई, यू सेड मराठीवालं फेक, ना?”

“हो.”

“थ्रो-वालं.”

“हो गं बाई, थ्रो-वालं.”

“सो वी आर स्टेइंग बिकॉज ऑफ मराठी?”

नवऱ्याला हसू आवरेना. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं, पण खिडकीच्या काचेत तो हसतानाच दिसत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. त्याने माझी किटची बॅग माझ्या पायांजवळून उचलून स्वतःच्या पायांजवळ ठेवली. मरीन परेडच्या बाजूच्या उंच इमारती दुरून मागे गेल्या, मग शेवटची दोन स्टेशनं, मग पासिर रिस. सगळे उतरतात तिथे आम्हीही उतरलो.

करार पुढे चालू झाला. नवीन पासवरच्या फोटोत मी घाबरल्यासारखी दिसते. फोटो काढणारा म्हणाला होता, हसायचं नाही.

सरांना फोन करायला मी रविवारची सकाळ निवडली, त्यांची पूजा झाल्यावर. सगळं जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे तू बरोबर बोललीस आणि तिने चुकीचं ऐकलं.”

“नाही सर. मी चूक बोलले. बेसवर कुणी नव्हतंच.”

“मग आपल्या पोरी असत्या तर?”

“आपल्या पोरींनी फेकला असता सर. आम्ही हरलो असतो.”

“आणि तू आली असतीस.” ते हसले की नुसता श्वास सोडला हे फोनवर कळलं नाही. “टर्फवाल्याला मी उद्या हो सांगतो. मे महिन्यात जाळी लावतील. पोरींना सकाळी शेजारच्या शाळेच्या अंगणात बसवीन, बघू. खांदा कसाय?”

“आहे, सर.”

“मनगट बघ,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. ‘एप्रिल, शिबिर’ असं फ्रिजवरच्या यादीत लिहिलेलं होतं. त्यावर रेघ मारता येईना, कारण ते काम झालेलं नव्हतं. मी नवीन कागद घेतला आणि ती एक ओळ सोडून बाकी यादी उतरवून काढली.

त्या सामन्यानंतर माझं नाव झालं. दुसऱ्या शाळांचे कोच मला ती चाल शिकवा म्हणून विचारतात. मालकाने माझ्या कामात त्या चालीचा एक खास तास घातला आहे. आमच्या मुलींचा तर तो खेळच झाला आहे. सरावाला सुरुवात करताना सगळ्या मिळून ओरडतात, “फेक!” आणि सगळ्या एकदम हात फिरवून चेंडू हातातच ठेवतात. आता मैदानावर मी कितीही घाईत असले तरी जीभ आवरून ‘थ्रो’ म्हणते. फेक म्हटलं की माझ्या मुली थांबतात.

परवा सकाळी लिफ्टपाशी पोचल्यावर लक्षात आलं की एमआरटीचं कार्ड घरीच राहिलं. लेक दारात उभी होती, तिच्या हातात कार्ड दिसत होतं. लिफ्टचं दार उघडलं.

“फेक लवकर!” मी म्हटलं.

तिने हात मागे नेला, जोरात फिरवला, आणि मी दोन्ही हात वर करून कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. काहीच आलं नाही. कार्ड तिच्या मुठीतच होतं. ती हसत हसत खाली बसली.

मग उठली, चालत आली आणि कार्ड माझ्या हातावर ठेवलं. तोवर लिफ्ट खाली निघून गेली होती. मी पुन्हा बटण दाबलं.